पेडलच्या आधी

नाही, ती वायर काढू नकोस. गिटारची वायर आधी या घुमारा-एको देणाऱ्या प्रोसेसरमध्ये, तिथून पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये, आणि पेडलमधून अँपमध्ये — आहे तशीच राहू दे. उलटी आहे, माहितीये मला. तू इकडे ये आधी, असा समोर. वायरी गुंडाळत पाठमोरा बोलतोस आणि मला वाटतं तू त्या स्टँडशी बोलतोयस. तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझ्या धाकट्या भाच्याएवढा असशील. हां. आता बोल. — तेच ना? पेडल आधी आणि प्रोसेसर नंतर, अँपच्या पाठीमागच्या त्या दोन सॉकेटांमध्ये, एकातून बाहेर आणि दुसऱ्यातून आत. का, तर तार छेडली की सुरामागे घुमारा येतो, आणि पायाने सूर थांबवला तरी घुमारा आपला हवेत सावकाश विरत जातो. उलटं जोडलं की टाच दाबल्याबरोबर घुमाराही जातो, दार आपटल्यासारखा. अरे, हे मी तिघांना शिकवलंय. त्यातला एक आज मोठ्या बोटीवर वाजवतो, लोक त्याच्या घुमाऱ्यावर खूश असतात. मला शिकवू नकोस, एवढंच म्हणणं आहे.

तुला दादाने पाठवलं, हो ना? नाही कसं — मी आल्या आल्या तुझ्याकडे बघून त्याने मान हलवली, मला दिसतं. दादा म्हणजे बँडमास्टर तुमच्यासाठी, मला सख्खा मोठा भाऊ. काल तालमीनंतर काय म्हणाला सांगू? म्हणाला, उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे, साउंडवाला तुझं सगळं नियमाप्रमाणे जोडून देईल, मग एकदाचं कळेल चूक मशीनची आहे की हाताची. सगळ्यांसमोर म्हणाला. आमचा ड्रमवाला — टिकटिक म्हणतो आम्ही त्याला, झोपेतसुद्धा बोटं वाजवतो म्हणे — तो त्याला रोज सांगतो, ताई केसभर उशिरा येते. केसभर. आणि आता की-बोर्डवाल्याच्या मशीनमध्ये स्टील गिटारचा आवाज आलाय, बटण दाबलं की झालं. बत्तीस वर्षं मी दादाच्या डाव्या हाताला बसतेय, आणि आजच्या रेकॉर्डिंगनंतर तिथे बटण बसवायचं की नाही ते ठरणार. तू नुसत्या दोन वायरी बदलायला आलायस, मला ठाऊक आहे, तुझा काही दोष नाही. पण त्या दोन वायरींवर कोण बसलंय ते तुलाही ठाऊक असू दे.

आता हा प्रोसेसरचा डबा स्टुलावर का ठेवलाय — अरे, जमिनीवर धूळ असते. पायाने दाबायची बटणं आहेत म्हणून काय झालं, मला हाताने दाबायला आवडतं. असं नाकासमोर असलं की बरं पडतं. आणि घुमारा कापला जातो म्हणशील तर मला तसाच आवडतो, आखूड. आजकाल सगळे एवढा मोठा घुमारा ठेवतात की गाणं कुठे संपलं आणि बाथरूम कुठे सुरू झालं कळत नाही. मी आपला थोडा ठेवते, चवीपुरता, एको त्याहून कमी, आणि — काय? कुठे बघतोयस?

शून्यावर आहेत. हो. तिन्ही. घुमारा शून्य, एको शून्य, तिसरं काय आहे ते मी कधी उघडलंच नाही. मग? माझा डबा, माझी बटणं. शून्यावर ठेवायला बंदी आहे का कुठे?

बस जरा. त्या खोक्यावर बस, अँपवर नको, तो तापतो. तू काही मूर्ख नाहीस, तेव्हा उगाच गोल गोल फिरवत नाही तुला. डब्याच्या पडद्यावर ते पाच दिवे दिसतात ना — मधला हिरवा, बाजूचे लाल. तार जुळवायला असतात ते. सगळे लोक कार्यक्रमाआधी दोन मिनिटं लावतात आणि बंद करतात. मी बंद करत नाही. मी पूर्ण कार्यक्रम तो हिरवा दिवा बघून वाजवते. आता कळलं, पेडलच्या आधी का ते? टाच दाबलेली असते, बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही, मी तार छेडते — गिटारचा सूर डब्यात पोचलेला असतो, दिवा लागतो — लाल असेल तर तारांवरचा हा लोखंडी रॉड एवढासा सरकवते, हिरवा झाला की चवडा दाबते आणि सूर बाहेर सोडते. तू नियमाप्रमाणे जोडलंस की टाच दाबल्यावर डब्यापर्यंत काही पोचणारच नाही. दिवे मेले. मग सूर आधी सगळ्या हॉलला कळणार आणि मग मला. आणि टिकटिक म्हणतो तो केसभर उशीर, तो हाच, बघ. तेवढा वेळ लागतो मला, हिरवा बघायला.

आणि गंमत ऐक. लोकांना ते आवडतं. दादा स्वतः माइकवर सांगतो, आमच्या बहिणीचा सूर धुक्यातून आल्यासारखा येतो, हलकेच, कुठून निघाला कळत नाही. टाळ्या पडतात. गेल्या वर्षी एक बाई मुद्दाम आत येऊन विचारून गेली, तुम्ही हे कुठे शिकलात. काय सांगणार? कानाच्या डॉक्टरकडे शिकले म्हणून?

झालं, बोलून गेले. असू दे. बहिरी नाही मी, तसं तोंड करू नकोस. ऐकू येतं. दाराची बेल येत नाही, आणि मागून बोललेलं शब्द होऊन येत नाही, पण ते सोड, त्यावाचून अडत नाही. अडतं कुठे — डाव्या कानात जो सूर येतो ना, तोच उजव्या कानात जरा चढा येतो. एकच तार, एकच छेड, आणि दोघं दोन वेगळं सांगतात. कुणाचं खरं धरायचं? की-बोर्डवाल्याचं बरं आहे, त्याचे सूर कारखान्यातून जुळून येतात, त्याला झोप लागली तरी सूर बरोबर. माझ्या गिटारला सूर पक्का करणाऱ्या पट्ट्याच नाहीत, या नुसत्या रंगवलेल्या खुणा आहेत. रॉड खुणेच्या एवढासा अलीकडे राहिला की दूध नासल्यासारखं होतं. तिथे कानच लागतो. माझ्याकडे दोन आहेत आणि दोघांचं आपसात पटत नाही.

पहिल्यांदा तपासायला गेले तेव्हा पास झाले, माहितीये? काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. समोरच्या काचेत त्या नर्सबाईचा हात दिसत होता — तिने कळ दाबली की मी माझं बटण दाबायचे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मी घरी येऊन सुनेला सांगितलं, उत्तम. फसवायला गेले नव्हते रे, हात आपोआपच दाबला गेला. बत्तीस वर्षं स्टेजवर बसलेलं माणूस, इशारा दिसला की घेतं. मग आठ महिन्यांनी एकटीच गेले आणि डोळे मिटून बसले. त्या तपासणीचा कागद आहे घरी. रेघ निम्म्यापर्यंत नीट चालते आणि मग जिना उतरावा तशी उतरत जाते. कानात घालायचं यंत्रही दिलं त्यांनी, बोलण्यासाठी झकास आहे. पण ते घालून गिटार वाजवली आणि पत्र्याच्या डब्यात चमचा पडल्यासारखं झालं. काढून ठेवलं. त्याच आठवड्यात हा प्रोसेसर आणला, दुकानदार बिचारा अर्धा तास इफेक्ट ऐकवत होता. मी म्हटलं, ते राहू द्या, हे दिवे वाजवताना चालू राहतात का तेवढं सांगा.

आता कीव करणार असलास तर आधी हे बघ. ही वही. चौदा महिने रोज लिहितेय. एकशे बारा कार्यक्रम. घरी जाऊन त्या-त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग या डब्यालाच ऐकवते, तो दिव्यांनी सांगतो कुठे उतरले, कुठे चढले — हे बघ, तिसरी तार, बाराव्या खुणेवर, किंचित खाली, बाजूला कारण लिहिलंय, स्टेजवरचा लाइट पडद्यावर पडला, हिरवा दिसला नाही. असे एकूण एकोणीस सूर. एकशे बारा कार्यक्रमांत एकोणीस. कान चांगले होते तेव्हा किती चुकत होते, कुणी मोजलं होतं का? दादाचे किती चुकतात तेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे, पण ते मी लिहीत नाही, भाऊ आहे.

तेव्हा नियमाप्रमाणे जोडायचं असेल तर जोड. हात धरणार नाही तुझा. मी आंधळ्यासारखी वाजवीन, पहिल्या कडव्यातच उतरेन, दादा म्हणेल, बघा, हाताचीच चूक होती, आणि सगळे किती हळहळतील. नाही तर असं राहू दे आणि त्याला सांग, सगळं तपासलं, ठीक आहे. तू सांगशील, दिसतंय मला, भला माणूस आहेस.

पण नको. नको सांगूस तसं. चौदा महिने मी हा डबा असा वाकडा करून बसते, दादाला पडदा दिसू नये म्हणून — मान दुखते रे माझी, दुसरं काही नाही. कशासाठी? मी काय कुणाचा सूर चोरलाय? जा, दादाला आत पाठव, एकट्याला. विचारलं का बोलावलंय तर काही सांगू नकोस. तुझ्या तोंडून ते बिघाड झाल्यासारखं वाटेल त्याला, आणि तो लगेच शहाण्यासारखा चेहरा करेल, तो चेहरा मला सहन होत नाही. माझ्या तोंडून ऐकेल तर भांडेल. भांडू दे. लहानपणापासून भांडतोय, एकदा तरी जिंकलाय का विचार. बटण बसवायचंच असेल तर त्याने माझ्याकडे बघून म्हणावं, बहीण हिरव्या दिव्यावर वाजवते म्हणून नको. म्हणून दाखवू दे.

आणि स्टूल जरा पुढे ओढ. अजून. सगळ्यांना दिसेल असं. हां, दिसू दे.

ऊठ आता, उशीर होतोय, मला तारा लावायच्यात.