संक्रांतीचं पथ्य

१४ जानेवारी १९७८, सकाळपासून ढगाळ आणि बोचरा वारा. त्या संक्रांतीचं सांगतो. माझं नाक चोंदलं होतं, डावा कान पिकला होता आणि त्यापायी जबड्याचा सांधाही ठणकत होता. डॉक्टर म्हणाले, "कडक काही चावू नका, बोलणं कमी करा."

"घरी मी एकटाच असतो, डॉक्टर."

"मग अर्धं पथ्य झालंच की!"

बायको वारल्यानंतरची कोराडीच्या क्वार्टरातली ती पहिली संक्रांत. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग शेजारच्या शांताबाई लाडवांची वाटी घेऊन दारात उभ्या. "भाऊजी, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!"

मी गालावर हात ठेवला.

"काहून जी, दात दुखून राहिला का? ठेवून जाते मंग, बरं वाटलं का खाजा." त्या वळल्या.

"थांबा, आताच खातो. तुम्ही बसा."

त्या बसल्या आणि कुही गावी दिलेल्या बहिणीचं सांगू लागल्या. लाडू कडक होता. दरवेळी चावलं की कानाखाली कट्ट वाजायचं. मी सावकाश चावत राहिलो. लाडू संपला तशा त्या उठल्या.

"अजून एक आहे का?" मी विचारलं.

संध्याकाळी जबडा बोटभरही उघडेना. पुढचे तीन दिवस वरणाच्या पाण्यावर काढले.