मूळ कार्ड कोणी बांधले

जबाब
दिनांक १४/११/२०२५

मी, निशिगंधा कुंडलिक उबाळे, वय ३८ वर्षे, व्यवसाय नोकरी (नेटवर्क अभियंता), राहणार किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते व सापगावजवळच्या एका खासगी डेटा सेंटरमध्ये सहा वर्षांपासून नोकरीस आहे. भावेश देसले, राहणार कल्याण, हे आमचे व्यवस्थापक. सतीश काळू मेंगाळ, वय २४, राहणार धसईजवळील पाडा, ता. मुरबाड, हा माझ्या हाताखाली तंत्रज्ञ आहे. त्याला काम मी शिकवले. मी सभांतून भाषणे करते हे अंमलदारांना ठाऊक असल्याने, भाषण नको, घडले तेवढे सांगा, अशी सूचना मला मिळाली. ती मी पाळत आहे.

आमच्या सर्व्हरमध्ये जलद नेटवर्कचे कार्ड असते. एका कार्डाचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात. त्यांना व्हर्च्युअल फंक्शन म्हणतात. नवीन काम आले की त्यासाठीचा भाग एका ड्रायव्हरकडून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, सोडवून दुसऱ्या ड्रायव्हरला जोडतात. याला आम्ही बांधणे म्हणतो. भाग बांधायचा, मूळ कार्ड कधीच नाही. दोघांच्या पत्त्यात शेवटच्या आकड्याचाच फरक असतो. मूळ कार्डाचा आकडा शून्य. मूळ कार्ड बांधले तर सगळे भाग एकदम बंद पडतात, आणि त्या कार्डावरून, दुरून लॅपटॉपने सर्व्हरमध्ये शिरलेला माणूसही त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसलेला मात्र आतच राहतो.

भाग बांधण्याची आमची सगळी पद्धत मी २०२३ साली लिहिली. भावेश देसले यांनी त्यावरचे माझे नाव काढून स्वतःचे घातले व कंपनीचे बक्षीस घेतले. तेव्हा मी तक्रार केली नाही.

मंगळवार दि. ११/११/२०२५ रोजी सकाळी ११.४२ वाजता तिसऱ्या रॅकमधील एका सर्व्हरचा संपर्क तुटला. त्यावर मुरबाडच्या एका रुग्णालयाचे काम चालते. तिथे चाळीस मिनिटे एकाही रुग्णाचा अहवाल उघडला नाही. सतीश चहाला गेला होता. तो धावत आला, सर्व्हरला कीबोर्ड जोडून बसला आणि १२.२२ वाजता काम सुरू करून दिले.

भावेश देसले त्या सकाळी मुरबाडला होते. ते दीड वाजता पोहोचले व कीबोर्डवर कोण होते एवढेच विचारले. सतीश म्हणाला, "सर, मी यायच्या आधीच लिंक गेलेली. मी नाय बांधला." त्यावर ते म्हणाले, "मग कार्ड काय पायांनी चालत गेलं काय रे? पाड्यावरून उचलून खुर्चीत बसवलं की असंच होणार." पाच जण हसले. त्यांची नावे मला पाठ आहेत, विचारल्यास देईन.

आमच्याकडे सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने सर्व्हरमध्ये जातात. म्हणून कोणी काय केले हे नावावरून कळत नाही, कोणत्या लॅपटॉपवरून केले एवढेच नोंदीत उतरते. दुपारी मी पाहिले तेव्हा त्या वेळची नोंद पुसलेली होती. मात्र नोंदीची एक प्रत कंपनीच्या मुरबाडच्या कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर दर मिनिटाला जाते. ही सोय मी २०२३ साली, माझे नाव काढले त्याच आठवड्यात केली व कोणाला सांगितली नाही.

सायंकाळी पाच वाजता मी ती प्रत वाचली. भावेश देसले यांच्या लॅपटॉपवरून ११.४१ ला आत प्रवेश झाला. ११.४२ ला शेवटी शून्य असलेला पत्ता बांधला गेला व त्याच सेकंदाला तो लॅपटॉप बाहेर फेकला गेला. त्या वेळी सर्व्हरला कीबोर्ड जोडलेलाच नव्हता. दुपारी मूळ नोंद त्याच लॅपटॉपवरून पुसल्याचेही त्या प्रतीत होते.

बुधवारी भावेश देसले यांच्या फिर्यादीवरून सतीशला अटक झाली. त्याची आई गोजाबाई मला कंपनीच्या फाटकाबाहेर भेटली. ती म्हणाली, "ताई, तुमी शिकवलात त्याला. तुमी जाऊन सांगा ना." मी तिला थांबायला सांगितले.

गुरुवारी दुपारी भावेश देसले यांनी मला केबिनमध्ये बोलावून फिर्यादीची प्रत दाखवली. घटनेच्या वेळी आपण कोणत्याही सर्व्हरमध्ये गेलो नव्हतो, असे तीत होते. मला म्हणाले, "त्याला कोण वाचवणारे? तू त्याच्याविरुद्ध एक जबाब दे, टीम तुझी." खालची सही त्यांचीच ना, असे मी विचारले. "माझीच. फ्रेम करून लाव घरी," असे ते म्हणाले.

अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की, नोंद मंगळवारपासून माझ्याजवळ होती. त्याच दिवशी दिली असती तर भावेश देसले चूक झाली म्हणाले असते, कंपनीने दोन ओळींची समज दिली असती आणि प्रकरण मिटले असते. मला ते मिटू द्यायचे नव्हते. त्यांचे खोटे त्यांच्या सहीने सरकारी दप्तरात येईपर्यंत मी थांबले. त्यासाठी सतीश दोन रात्री कोठडीत राहिला. हे त्याला ठाऊक नाही.

नोंदीची प्रत पेन ड्राइव्हमध्ये हजर करत आहे. सतीश मेंगाळ याला सोडावे. भावेश देसले यांच्यावर खोटी फिर्याद देणे व पुरावा पुसणे याबद्दल कारवाई व्हावी. तडजोडीचा निरोप आल्यास तो माझ्यापर्यंत आणू नये.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर उतरवून मला मराठीत वाचून दाखवला. सतीशच्या दोन रात्रींचे वाक्य तुमच्याच अंगाशी येईल, गाळू का, असे हवालदारांनी विचारले. गाळू नये असे मी सांगितले. जबाब खरा आहे, त्या वाक्यासह.

जबाब देणार,
(सही) निशिगंधा कुंडलिक उबाळे