घरचं माणूस आणू कुठनं?

न्हाई, पण मला सांगा, घरचं माणूस आणू कुठनं? दारू सोडायची म्हणून शिरूरच्या दवाखान्यात गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ॲडमिट व्हायची गरज न्हाई पोपटराव, कंपनीत जात जा, घरी झोपत जा, फकस्त दर गुरुवारी यायचं, बोलायचं, आन् रोज सकाळी एक गोळी. म्हणलं, एवढंच व्हय? तर म्हणत्यात, "गोळी घरच्या माणसानं द्यायची, गिळल्याली समोर उभं राहून बघायची."

आता आली का पंचाईत! सारजा पोरीला घेऊन दौंडला माहेरी गेली त्याला वरीस झालं. घरात मी आन् मीच. फोन केला, नुसती गोळी द्यायला ये म्हणलं. ती म्हणती, "आधी सुटू द्या, मग येते." म्हंजी ती आल्याबिगर गोळी न्हाई, गोळीबिगर सुटायची न्हाई, सुटल्याबिगर ती यायची न्हाई... घरचं माणूस आणू कुठनं?

तुम्हाला सांगतो, वीस वर्षांत जोडली ती समदी माणसं बाटलीवरची. त्यातला हनुमंत तेवढा तयार झाला. रोज कंपनीच्या बसआधी दारात हजर! गोळी हातावर ठेवायचा आन् फौजदारासारखा म्हणायचा, "आ कर पोपटा. जीभ उचल." आन् त्याच्याच तोंडाला रातच्याचा वास! पर गडी एक दिवस चुकला न्हाई. येतो कुणीतरी, एवढ्यावर मला झोप लागायची, खरं सांगतो.

मग एका गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी त्याला इचारलं, पेशंट कसा हाय? तर हा ढसाढसा रडाय लागला, "बाई, मलाबी द्या की गोळी." झालं! त्याचाबी केसपेपर निघाला. आन् त्याला हाय ना घरचं माणूस, सोनमवहिनी! तवापासनं गडी माझ्याकडं यायचा बंद.

एकटं घ्यायचं जिवावर येतं हो... म्हणून आज सकाळी माझी गोळी घेऊन त्याच्या दारात गेलो. वहिनी दोघांनाबी देतील, त्यात काय एवढं? हनुमंतानं दार उघडलं, तर आतनं वहिनी त्याला म्हणाल्या, "तुम्ही आत या आधी. नऊ दिवस झालंत सोडून, त्या दारुड्याच्या नादी लागू नका."

मला एक्केचाळीस झालंत.

दार लागलं. उभ्या उभ्याच गिळली गोळी. वट्ट्यावर त्यांचं कुत्रं बसलं हुतं, त्याच्याकडं बघून आ केला, जीभ उचलली... बघितलं बिचाऱ्यानं. नीट बघितलं.