सईनं तपासलेलं दूध

हसू नका, पण ह्यांनी निपाणीच्या रानात तंबाखू बंद करून वाईनची द्राक्षं लावली आणि ताप मला झाला. वाईनच्या कारखान्यात ह्यांना चव घ्यायला शिकवलं: पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा. घरी येऊन ह्यांनी ते पाण्यावर करून दाखवलं. तेव्हापासून आमची चार वर्षांची सई दूध तसंच थुंकते. वजन वाढेना म्हणून अंगणवाडीच्या बाई मलाच बोलतात.

काल परत थुंकून म्हणाली, "आंबट हाय."

हे म्हणाले, "रागवू नको गं, पोरीची जीभ तयार व्हायलीय."

"जीभ घेऊन काय करू? वजन वाढाय पाहिजे," म्हणत मी त्याच दुधाचा चहा ठेवला.

दूध फाटलं.

आता बोलायची सोय राहिली नाही. माझ्या हातचं साधं पाणीसुद्धा ती आधी हुंगते.