बांधावर पडलेली तार

रिले सगळं पकडतो असं म्हणू नका. मी रोह्याकडच्या एका सबस्टेशनला ऑपरेटर होतो, तेव्हाचं सांगतो. ऐन उन्हाळ्यात दुपारी एका बाईचा फोन आला.

"साहेब, तुमची तार तुटून आमच्या बांधावर पडली हाय. तडतडते."

तार जमिनीला टेकली की रिलेनं लाइन आपोआप बंद करायची असते. मी पॅनेल पाहिलं. सगळे फीडर, म्हणजे गावोगावी जाणाऱ्या लाइनी, चालू; एकही इशारा नाही. कोरड्या मातीतून करंट इतका कमी जातो की कधीकधी रिलेला पत्ताच लागत नाही.

"जवळ जाऊ नका," मी म्हणालो.

"मी नाय जात. पण पलीकडून आमचे हे येतायत. त्यांना ऐकू येत नाय."

मी घाईनं गाव विचारलं, तिकडचा फीडर हातानं बंद केला आणि फोन कानाला लावून थांबलो. पलीकडून आवाजच येईना.

"बाई, तडतड थांबली का?"

"थांबली आता."

"आणि तुमचे मालक?"

"ते आधीच थांबले. मी ढेकूळ मारलं त्यांना."