साहेबाचा दुधी

बोट मी दाखवलं, हे मी नाकारतच नाही... पण वाकडं दाखवलं होतं! कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते गळतं, हे मलाही ठाऊक आहे, मी काही विलायतेत वाढलेलो नाही. चांगलं असं पेर दुमडून, अदबीने दाखवलं आणि म्हटलं, कुशाबा, हे काय रे उगवलंय? बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी फळ पिवळं पडून गळलं आणि तेव्हापासून लालबागच्या आमच्या अख्ख्या बैठ्या चाळीत मी पांढऱ्या पायाचा ठरलो. कुशाबाची बायको राधाबाई मला लांबून बघितलं की झाडावर पदर धरायची. अहो, झाडावर! आणि ज्याचं फळ गळलं तो कुशाबा मात्र नुसतं माझ्याकडे बघून आत गेला. तुम्हाला सांगतो, शिव्या परवडल्या. त्या बघण्यात त्याची रजा होती, त्याची म्हातारी होती, गावचा शिमगा होता... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीसुद्धा मलाच धराल.

तर कुशाबा म्हणजे आमचा शेजारी. मालवणच्या बाजूचा, गिरणीत दोन माग सांभाळतो. मी त्याच गिरणीत हजेरीचा कारकून, त्यामुळे त्याची पत्रं लिहायची मी आणि वाचायचीही मीच. गावाला त्याची आई एकटी, तो आवस म्हणतो. चार शिमगे झाले, आवशीला भेटला नाही. का? तर रजा नाही! बिनरजेचा गेला तर परत येईपर्यंत त्याच्या मागांवर दुसरा उभा. आणि यंदा दसऱ्याला गावच्या भटजींच्या हातचं कार्ड आलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, 'मला दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा.' मी वाचलं. कुशाबा म्हणाला, परत वाच. मी परत वाचलं. मग कार्ड घेऊन त्याने ते उगाचच उलटंपालटं करून बघितलं, त्याला अक्षर येत नाही तरी.

आता रजा कुणाच्या हातात? साहेबाच्या. साळखात्याचा, म्हणजे जिथे माग चालतात तिथला मास्तर, गोरा, वयाने कोवळा, उन्हाने भाजून नाकाचं सालपट निघालेला. तीन वर्षं झाली त्याला इथे येऊन, पण अजून त्याला ना आमचं जेवण सोसतं ना आमची हवा. दिवाळी झाली आणि एक दिवस सुट्टीच्या भोंग्याला हा साहेब दारात कुशाबाला अडवून उभा! मी हजेरीचं पुस्तक घेऊन बाजूलाच. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि म्हणतो कसा, "कुशाबा, ये बीज हमारा माँ भेजा. तुम लगाव. हमको फल लाव. हम खुश, तो तुम छुट्टी माँगो." कुशाबाने छातीवर हात ठेवून विचारलं, "बीस दिन, साहेब?" साहेब म्हणाला, "बीस दिन." फळाचं नाव काय ते साहेबाने सांगितलं होतं, पण ते माझ्या जिभेवर काही राहिलं नाही, आमच्या चाळीने त्याला सरळ साहेबाचा दुधी म्हणायला सुरुवात केली. फळ केवढं हवं ते साहेबाने सांगितलं नाही आणि कुशाबाने विचारलं नाही. आता तुम्हीच सांगा, आंबा आण म्हटल्यावर कुणी केवढा असं विचारतो का? यात कुशाबाचं काय चुकलं?

चाळीतली शेवटची खोली कुशाबाची, म्हणून तिच्यामागे चार हात परसू आहे, विहिरीच्या सांडपाण्याला लागून. तिथे त्याने आळं केलं. आळं म्हणजे काय, लग्नाची वेदी करावी तसं हाताने सारवून गुळगुळीत केलं. वरळीहून मासे घेऊन येणाऱ्या सोनूबाईला सांगून रोज माशांची डोकी आणि आतडी आणवली आणि ती आळ्यात पुरली. पुरली ती त्याने, वास घेतला आम्ही! माझ्या खिडकीपासून ते आळं किती? हे एवढं. मी पंधरा दिवस नाकाला उपरणं लावून जेवलो, राधाबाई वर म्हणते, भाऊ, तुम्हांक सर्दी झाली काय?

मग रोप वर आलं. पान हाताएवढं, खरखरीत, मधेच पांढरे डाग. कुशाबा हरखला आणि त्याने मांडव घातला. वखारीतून बांबू आणले, सुंभ वळला, रविवारचा अख्खा दिवस घाम गाळून असा मांडव घातला की त्याखाली वऱ्हाड जेवायला बसेल. आणि झाड? झाड चढेना! जागेवरच बसलं होतं, बूड टेकून. कुशाबाने सुंभाने ओढून बांबूला बांधलं, तर एक फांदी काड्‌कन मोडली. त्याने चुना लावून चिंधी गुंडाळली, जसं काही लेकराचं ढोपर फुटलंय. पडवळ चढतं, कारलं चढतं, घोसाळी तर बघता बघता कौलावर जाते. यालाच काय झालं? चाळीत दोन तट पडले, एक म्हणे दृष्ट लागली, दुसरा म्हणे परमुलखातलं आहे, लाजतंय. राधाबाईने काळा दोरा बांधला, चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं काठीवर उपडं घातलं. अहो, कोकणात जन्म गेला त्या माणसाचा. वेलाला मांडव नाही घालायचा तर काय खुर्ची द्यायची? यात कुशाबाचं काय चुकलं?

पुढे फुलं आली. पिवळी, हातभर देठाची. रोज उमलायची, रोज मिटायची, फळाचा पत्ता नाही. कुशाबा पहाटे भोंग्याआधी कंदील घेऊन परसात वाकलेला दिसायचा. मग एका फुलाच्या मागे हिरवं बोटभर काहीतरी दिसलं, आणि तेवढ्यात मी तिथे पोचलो... जाऊ द्या, ते झालं सांगून.

पण त्यानंतर मात्र तुम्हाला सांगतो, झाडाने मनावर घेतलं. फुलामागे फळ, फळामागे फळ. आणि इथे कुशाबाने जे केलं ते त्याच्या बापाने, आज्याने सगळ्यांनी केलेलं होतं. वेलावरचं पहिलं धडधाकट फळ राखायचं. त्याला फडक्याची झोळी बांधायची, राखेचा टिळा लावायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याच्या पोटाला कमी पडू नये म्हणून बाकीची कोवळी असतानाच खुडून टाकायची. देवाला द्यायचं फळ असं वाढवतात, मग साहेबाला काय खुडलेलं पोर देणार? त्याने बायकोला ताकीद दिली, "ह्यो एक सोडून बाकीचे खूड." ती खुडायची. आणि खुडलेलं टाकायचं कसं, म्हणून त्यात सुका जवळा घालून रोज भाजी करायची. वाटीभर मलाही यायची, बोट दाखवलं होतं तरी. खोटं कशाला बोलू, अशी भाजी मी जन्मात खाल्ली नाही. तोंडात घातली की विरघळली! साल काढायला नको, बी काढायला नको. दोन आठवडे दर घासाला मी साहेबाच्या आईला मनातल्या मनात दुवा देत होतो.

आणि तो राखलेला? तो वाढला. वीतभर झाला, हातभर झाला, मग मृदंगाएवढा झाला. झोळी फाटली, कुशाबाने आपल्या धोतराची केली. साल अशी टणक की नख रुतेना. चाळीतले येऊन त्यावर टिचक्या मारून बघायचे, मी हात पाठीमागे बांधून लांबून. शिमग्याला पंधरा दिवस उरले तेव्हा रविवारी कुशाबाने तो उतरवला, धुवून पुसून त्यावर हळदकुंकू वाहिलं, नव्या फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेतला आणि निघाला साहेबाच्या बंगल्यावर, परळला. मी बरोबर, कारण रजेचा अर्ज माझ्या हातचा. वाटेत लोक थांबून बघत होते. कुशाबाची मान अशी ताठ मी चार वर्षांत पाहिली नव्हती.

साहेबाने फडकं सोडलं. बघितलं. आणि हसायला लागला. वाईट नाही हो हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बटलरला हाक मारून त्यालाही दाखवलं. कुशाबाही हसला, त्याला वाटलं साहेब खुश. मग साहेबाने डोळे पुसले, अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली आणि म्हणाला, "इतना चाहिए, कुशाबा. छोटा. नरम. हमारा माँ मस्के में पकाता था. ये तो... ये घोडे को दो." अर्ज माझ्या खिशातच राहिला. आता सांगा, जो माणूस स्वतःच्या धोतराची झोळी करतो, त्याला कुणी आधी वीत दाखवायला नको? यात कुशाबाचं काय चुकलं?

तो दुधी परत डोक्यावर घेऊन कुशाबा निघाला. घरी आल्यावर राधाबाई विळी घेऊन बसली, पण अख्खा कोहळा, भोपळा असलं काही बाईमाणूस पहिल्यांदा चिरत नाही, पहिला घाव पुरुषाचा. म्हणून तिने ते धूड त्याच्यापुढे सरकवलं. कुशाबाने कोयता उचलला आणि तसाच थांबला. मग डाव्या हाताने वीत दाखवून म्हणाला, "तेका एवडो व्हयो होतो."

राधाबाई त्या वितीकडे बघत राहिली.

"एवडे तर आमी खाल्ले," ती म्हणाली.

कुशाबा खाली बसला. "म्हंजे रजा खाल्ली आमी," म्हणाला, "जवळो घालून." आणि त्याने कोयता चालवला. आत नुसतं सूत आणि बिया. मी दारात उभा होतो, मला माझ्याकडे आलेल्या भाजीच्या वाट्या आठवल्या आणि पाय तिथून निघेना. दोन आठवडे मी एका आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीच्या तोंडचा घास मिटक्या मारत खाल्ला होता.

शिमग्याआधी गाव गाठायचं तर पुढच्या रविवारची आगबोट शेवटची. झाडावर काय होतं? काही नाही. थोरल्याने सगळा रस ओढून घेतला होता. पण सोमवारी राधाबाईला पानाखाली दोन फुलं दिसली, मागे करंगळीएवढी फळं. "थोरलो काढलो, आता बारक्यांक जीव इलो," ती म्हणाली. तो आठवडा तुम्हाला काय सांगू! कुणी परसाकडे फिरकायचं नाही, कुणी नाव काढायचं नाही. मी तर खिडकीच बंद करून घेतली आणि घरातसुद्धा कशाकडे बोट करेना. मंगळवारी बोटभर, बुधवारी चार बोटं... शुक्रवारी संध्याकाळी कुशाबाने दोन्ही खुडली, केळीच्या पानात ठेवली, आणि आम्ही दोघं परत बंगल्यावर. राधाबाईने गाठोडं बांधून ठेवलं होतं, आवशीसाठी लुगडं, वर खोबऱ्याच्या वड्या.

बटलरने तिथल्या तिथे लोण्यात परतून आणली. साहेब व्हरांड्यात बसून खाऊ लागला, आम्ही पायरीशी उभे. पहिला घास. दुसरा. मग काटा खाली ठेवला. चेहरा लाल होता, अजून लाल झाला, आणि तुम्हाला खरं सांगतो, तो गोरा माणूस आमच्यादेखत रडला. रुमाल काढायचंही भान नाही. कुशाबा पायरीवरून म्हणाला, "साहेब, छुट्टी..." साहेबाने मान हलवली, एकदा नाही, तीनदा. "हाँ, कुशाबा. हाँ. छुट्टी. कल लिखेगा." कुशाबाने वाकून सलाम केला. येताना तो रस्त्याने जवळजवळ पळत होता, मला धाप लागली.

शनिवारी भोंगा झाला. साहेब नाही. नऊ वाजले, साहेब नाही. दहा वाजता कळलं, रजा झाली... साहेबाची! पहाटेच गिरणीच्या शेठकडे गेला, म्हणाला, आईकडे जायचंय, आणि नऊच्या विलायतेच्या आगबोटीवर चढलादेखील. पाठीमागे कागद नाही, चिठ्ठी नाही, कुशाबाचं नाव नाही. त्याच्या मनात नव्हतं असं नाही हो, त्याच्या मनात त्या दिवशी दुसरं काही राहिलंच नाही. आता नवा साहेब यायचा तो मृगाच्या तोंडावर, आणि तेव्हा कोकणातल्या बोटी बंद!

मी संतापलो. दुपारच्या सुट्टीत कुशाबाच्या मागाशी गेलो, तो सूत जोडत होता. मी साहेबाला नाही नाही ते बोललो, कृतघ्न म्हटलं, अजून काय काय म्हटलं. आणि म्हटलं, कुशाबा, तुला राग कसा येत नाही रे?

त्याने तुटलेला धागा जोडला, गाठ ओढून बघितली.

"तेची आवस माझ्या आवशीपरास लांब रवता, भाऊ," म्हणाला, आणि माग चालू केला.