चंद्रीचा पान्हा

मंडळी, डॉक्टरांनी आयुष्यभर ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यात पाय ठेवला, ती सगळी माणसं आज आमच्या अंगणात बसली आहेत. संगमनेरहून दूध संघाचे लोकही आलेत. तुमच्यासमोर मी, त्यांची बायको, काय बोलू? घरात मी बोलायची आणि ते ऐकायचे. ऐकणारं माणूसच गेलं.

तुम्हाला ठाऊक आहे, हे आजारी गाईला लगेच हात लावत नसत. आधी गप्प उभे राहायचे. तिला वास घेऊ द्यायचे. तुम्ही घाई केली की म्हणायचे, "मेंदूतून एक रस रक्तात उतरतो, तेव्हा गाय पान्हवते. भ्याली की दुसरा रस पहिल्याला अडवतो. नुसती गाय बघू नका, सगळा गोठा बघा. कोण ओरडतंय, कोण भांडतंय, तेही बघा."

घरीही तेच. मी म्हणायची, तुम्ही उशिरा येता म्हणून मी चिडते. ते म्हणायचे, तू चिडतेस म्हणून मी वेशीपाशी रेंगाळतो. मग सुरुवात कुणाची? "सुरुवात नाहीच, शालन. हे चाक आहे. दोघांतल्या कुणीही धरलं की थांबतं." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दारात हजर. मला चिडायला जागाच ठेवली नाही. आता म्हणावं, करा हवा तेवढा उशीर, मी चिडणार नाही. पण सांगू कुणाला?

आमची चंद्री. तिची धार तेच काढायचे. त्यांना नेलं त्या संध्याकाळपासून तिने दूध चोरलं. कास दगडासारखी झाली. शेजारचे कोंडाजीभाऊ काकुळतीला आले. "वैनी, पान्हा सोडायचं इंजेक्शन मारू का? कास लई तटलीय, जनावर हातचं जाईल." मी म्हटलं, नको भाऊ. ज्या इंजेक्शनापायी डॉक्टर गावाशी भांडले, ते त्यांच्याच दावणीला नको.

मग मी खुंटीवरचा त्यांचा शर्ट अंगात घातला. न धुतलेला. चंद्रीपुढे जाऊन गप्प उभी राहिले. तिने बाही हुंगली, खांदा हुंगला. पुष्कळ वेळ हुंगत राहिली. मी खाली बसले, तशी धार लागली.

मंडळी, तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसात म्हणत होत्या, "शालन रडंना, हिला काय झालंय?" त्या शर्टात, चंद्रीच्या पोटाला डोकं टेकून मी रडले. बादली अर्धीच राहिली. मलाही तोच वास हवा होता. अजून हवा आहे. तो शर्ट मी धुतलेला नाही. पण वास रोज थोडा थोडा कमी होतोय, आणि रसाचं सगळं ऐकून माहीत असूनही त्यावर उपाय मला माहीत नाही.

आता एकच मागणं. दोन मिनिटांची शांतता घड्याळ लावून नको. डॉक्टर गोठ्यात उभे राहायचे तसे उभे राहा. हात खाली, न बोलता, घाई न करता. मागे चंद्री हंबरली तर कुणी तिला हटकू नका. त्यांची यायची वेळ झाली आहे. ती वाट बघतेय. मीही.